मनाईहुकूम ते पारितोषिक : व्हॅलेन्सियातील ‘फाय्यास’ या वसंतोत्सवाचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्पेन हा देश साधारणतः दोनदा भेटतो. एकदा कोलंबसाच्या सफरीच्या निमित्ताने आणि दुसऱ्यांदा १९३६ ते १९३९ या काळातील यादवी युद्धाच्या निमित्ताने. या दोन प्रसंगांच्या मधल्या साडेचारशे वर्षांत तेथील सामान्य नगरवासी काय करीत होते, कशावर हसत होते आणि त्यांच्या हसण्याचे राज्यकर्त्यांना भय का वाटत होते, हे प्रश्न आपल्या वर्गात फारसे उपस्थित होत नाहीत. प्रस्तुत लेखात भूमध्य समुद्राच्या काठावरील व्हॅलेन्सिया या नगरातील ‘फाय्यास’ या वसंतोत्सवाच्या आधारे या प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उत्सवाचे आजचे स्वरूप थोडक्यात असे. मार्च महिन्याच्या मध्यास नगरातील सुमारे चारशे मोहल्ला-मंडळे आपापल्या चौकात लाकूड, पुठ्ठा आणि अलीकडे पॉलिस्टायरीन यांपासून बनविलेली भव्य उपहासात्मक शिल्पे उभारतात. या संपूर्ण रचनेला ‘फाय्या’ म्हणतात आणि तिच्यातील एकेका पुतळ्याला ‘निनॉत’. पुढारी, धर्मगुरू, व्यापारी, परदेशी सत्ताधीश, गल्लीतला कंजूष घरमालक असा कोणीही निनॉत होऊ शकतो. शिल्पाच्या पायथ्याशी स्थानिक व्हॅलेन्सियन भाषेतील खोचक पद्ये लावलेली असतात. संत योसेफ यांच्या सणाच्या दिवशी, म्हणजे १९ मार्चच्या रात्री, ही सर्व शिल्पे जाळली जातात. वर्षभराचे श्रम आणि पैसा काही मिनिटांत भस्मसात होतो. युनेस्कोने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी या उत्सवाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

मराठी वाचकाला येथे होळी आठवणे स्वाभाविक आहे. वसंतातील अग्नी आणि शिमग्यातील मोकळ्या तोंडाची मुभा या दोन्ही गोष्टी ओळखीच्या वाटतात. तथापि हे साम्य फार ताणू नये. होळीत लाकडे जळतात. व्हॅलेन्सियात जळतो तो एका विशिष्ट माणसाचा ओळखू येणारा पुतळा, आणि त्याला का जाळले याचा लेखी खुलासाही सोबत असतो. ही लेखी बाजूच राज्यकर्त्यांना अधिक बोचली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उगमाची कथा आणि उगमाचा पुरावा

‘फाय्या’ हा शब्द लॅटिनमधील मशालवाचक शब्दापासून आला. मध्ययुगीन लेखनात तो मशाल याच अर्थाने येतो. उत्सवाच्या उगमाविषयीची सर्वांत लोकप्रिय कथा सुतारांची आहे. हिवाळ्यात लवकर अंधार पडे, तेव्हा सुतार आपल्या कार्यशाळेत दिवा टांगण्यासाठी एक लाकडी खांब वापरीत. वसंत आला, दिवस मोठा झाला, की तो खांब निरुपयोगी ठरे. मग संत योसेफ या आपल्या आश्रयदात्या संताच्या पूर्वसंध्येला ते त्या खांबाला जुने कपडे चढवून, तासकामाच्या कचऱ्यासह रस्त्यावर जाळीत. पुढे त्या खांबाला चेहरा मिळाला आणि चेहऱ्याबरोबर नाव.

कथा गोड आहे, म्हणूनच ती टिकली. परंतु अभ्यासकांनी तिच्याकडे संशयानेच पाहिले आहे. युरोपात अनेक ठिकाणी उपवासाच्या काळात चिंध्यांचे पुतळे टांगून जाळण्याची प्रथा होती आणि तिचा सुतारांशी संबंध नव्हता. व्हॅलेन्सियातील प्रथा हा त्याच मोठ्या कुटुंबातील एक प्रकार असणे अधिक संभाव्य वाटते. सुतारांच्या कथेमुळे मात्र उत्सवाला एक कष्टाळू, धार्मिक आणि निरुपद्रवी पूर्वज लाभला. एकोणिसाव्या शतकात जेव्हा या उत्सवाचा बचाव करण्याची वेळ आली, तेव्हा असा पूर्वज फार उपयोगी होता.

लेखी पुरावा कोठे सापडतो, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. जाळण्यासाठीच जे निर्माण होते, त्याचा अवशेष उरत नाही. एकोणिसाव्या शतकातील फाय्यांपैकी कोणतीही आज पाहता येत नाही. शिल्लक आहेत ती नगरपालिकेची फर्माने, परवानग्यांचे अर्ज, कराच्या नोंदी, वृत्तपत्रांतील तक्रारी आणि पद्यांच्या छापील पुस्तिका. म्हणजे ज्यांनी हा उत्सव रोखू पाहिला, त्यांच्याच दप्तरात तो जतन झाला. सर्वांत जुन्या महत्त्वाच्या कागदांपैकी एक १७८४ चा आहे. अरुंद रस्त्यांत आणि घरांच्या दर्शनी भिंतींना लागून फाय्या पेटवू नयेत, त्या रुंद रस्त्यांवर, चौकांत व मोकळ्या जागी पेटवाव्यात, असे त्यात बजावले आहे. हे फर्मान आगीच्या भयापोटी काढलेले आहे, त्यात उपहासाविषयी तक्रार नाही. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. गल्लीतली आग चौकात आली आणि चौकात येताच तिला प्रेक्षक मिळाले.

परवानगी आणि कर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील फाय्या आजच्या मानाने अगदी साधी होती. चौकोनी लाकडी चौथरा, त्याभोवती रंगविलेले कापड, वर जुन्या कपड्यांत पेंढा भरून उभे केलेले दोन-तीन पुतळे. जळण गोळा करण्याचे काम मुलांचे. जुनी चटई, मोडकी खुर्ची मागत ती घरोघर फिरत. पुतळे शेजाऱ्यांनी मिळून केलेले असत आणि बहुधा शेजाऱ्यांवरच असत. नवरा-बायकोची भांडणे, म्हाताऱ्याने केलेला दुसरा विवाह, वजनात मारणारा दुकानदार हे विषय. चौकातील प्रत्येकाला पुतळा कोणाचा हे ठाऊक असे, त्यामुळे नाव लिहिण्याची गरजच नव्हती.

१८५५ मध्ये जुझेप बेर्नात ई बालदोव्ही या लेखकाने एका फाय्यासाठी पद्यमय पुस्तिका लिहिली. ‘ल्यिब्रेत’ या नावाने पुढे रूढ झालेल्या वाङ्मयप्रकाराची ही पहिली ज्ञात पुस्तिका मानली जाते. सुएका गावच्या या लेखकाची शैली द्व्यर्थी, चावट आणि बोलीच्या वळणाची होती. पुस्तिकेमुळे दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे आग विझल्यावरही उपहास शिल्लक राहू लागला. दुसरी म्हणजे शेजाऱ्यांपुरती असलेली चेष्टा चौकाबाहेर वाचली जाऊ लागली आणि शेजाऱ्याऐवजी अधिकाऱ्याची चेष्टा करणे फायद्याचे ठरू लागले, कारण अधिकाऱ्याला सारे नगर ओळखत होते.

हा काळ स्पेनमध्ये अस्वस्थतेचा होता. १८६८ ची क्रांती, १८७३ चे अल्पजीवी प्रजासत्ताक आणि १८७४ च्या अखेरीस झालेली राजेशाहीची पुनःस्थापना या घटना सात वर्षांत घडल्या. व्हॅलेन्सिया नगरही बदलत होते. १८६५ मध्ये नगराची जुनी तटबंदी पाडण्यास सुरुवात झाली. रेशीम आणि शेतमालाच्या व्यापारावर संपन्न झालेल्या नव्या मध्यमवर्गाला पॅरिससारखे सभ्य नगर हवे होते. चौकात मोडक्या खुर्च्या जाळणारी आणि नगरसेवकांची टर उडवणारी मंडळी या चित्रात बसत नव्हती. चर्चलाही हा प्रकार रुचणारा नव्हता, कारण १९ मार्च हा दिवस नेहमीच ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात येतो. १८५१ मध्ये नगराध्यक्षांनी फाय्यासना मनाई केली होती. पण मनाई टिकली नाही. पुढच्या काळात नगरपालिकेने अधिक सूक्ष्म मार्ग स्वीकारला. फाय्या उभारण्यासाठी परवानगी घेणे आणि शुल्क भरणे सक्तीचे झाले. हे शुल्क वाढत वाढत साठ पेसेतांवर गेले. मोहल्ल्यातील कारागिरांनी वर्गणी काढून उभारलेल्या चौथऱ्यासाठी ही रक्कम अवाजवी होती. १८८६ च्या मार्चमध्ये नगरात एकही फाय्या उभी राहिली नाही.

येथे क्षणभर थांबून त्याच वर्षीची दुसरी एक नोंद पाहावी लागेल, कारण तिच्याशिवाय १८८६ चा अर्थ पुरता लागत नाही. सुखवस्तू नागरिकांनी उन्हाळ्यात नगर सोडून जाऊ नये आणि बाहेरच्यांनी यावे या हेतूने व्हॅलेन्सियात १८७१ पासून जुलै महिन्यात एक मोठी जत्रा भरू लागली होती. १८८६ च्या जुलैमध्ये या जत्रेत वाद्यवृंदांची स्पर्धा सुरू झाली. ही स्पर्धा आजही चालू आहे आणि अशा स्पर्धांमध्ये ती जगात जुनी व मानाची समजली जाते. म्हणजे ज्या वर्षी मार्चमधील उपहास कराच्या ओझ्याखाली गप्प झाला, त्याच वर्षी जुलैमधील संगीताला बक्षिसे जाहीर झाली. या दोन निर्णयांमागे एकच योजना होती असे म्हणण्यास आधार नाही. पण कोणता आवाज नगराला हवा आहे आणि कोणता नको, याचे त्या वर्षीचे पत्रक यापेक्षा स्पष्ट लिहिता आले नसते.

बक्षिसाचे राजकारण

कराविरुद्धची प्रतिक्रिया वृत्तपत्रांतून आली. १८८७ मध्ये ‘ला त्राका’ या उपहासात्मक साप्ताहिकाने उत्कृष्ट फाय्यांना बक्षिसे जाहीर केली. ‘त्राका’ म्हणजे फटाक्यांची लांब माळ. साप्ताहिकाचा हेतू उघड होता. जे नगरपालिका दडपू पाहते त्याला आम्ही गौरवू, असा तो पवित्रा होता. १८९५ मध्ये ‘लो रात पेनात’ या, व्हॅलेन्सियन भाषा व परंपरा यांसाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठित संस्थेनेही बक्षिसे दिली. आणि १९०१ मध्ये खुद्द नगरपालिकेने शंभर आणि पन्नास पेसेतांची पहिली अधिकृत पारितोषिके ठेवली. साठ पेसेतांचा कर मागणारी नगरपालिका पंधरा वर्षांत शंभर पेसेता देऊ लागली.

हा लोकांचा विजय होता का? एका अर्थाने निश्चितच होता. उत्सव वाचला. कारागिरांना, चित्रकारांना, शिल्पकारांना काम मिळाले. व्हिसेंते ब्लास्को इबान्येझ यांनी १८९४ च्या आपल्या कादंबरीत फाय्याचे वर्णन केले, तोवर तो सुशिक्षितांनाही आपला वाटू लागला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नगरपालिकेत याच ब्लास्को इबान्येझ यांच्या रिपब्लिकन अनुयायांचे वर्चस्व होते आणि त्यांना लोकोत्सवाविषयी जुन्या पुढाऱ्यांइतकी घृणा नव्हती.

परंतु बक्षिसाला परीक्षक लागतो आणि परीक्षकाला निकष. ‘चांगली फाय्या’ म्हणजे काय, हा प्रश्न १८८६ पूर्वी कोणी विचारला नव्हता. फाय्या बोचली की पुरेशी होती. आता ती सुबक, उंच, प्रमाणबद्ध आणि कलात्मक असणे आवश्यक ठरले. शेजाऱ्यांनी पेंढा भरून केलेला पुतळा स्पर्धेत टिकणार नव्हता. त्यासाठी व्यावसायिक कलावंत हवा, त्याला मानधन हवे, मानधनासाठी वर्गणी हवी आणि वर्गणीसाठी मोहल्ल्यातील दुकानदार खूश हवा. ज्याच्या वजनमापाची चेष्टा करायची, तोच आता वर्गणीदार झाला. मनाईहुकुमांनी जे साधले नव्हते त्यातले बरेचसे बक्षिसांनी काही वर्षांतच साधले, आणि तेही कोणाला न दुखावता. उपहास नाहीसा झाला नाही. तो कमानीखाली, खालच्या बाजूला, लहान अक्षरात गेला. (आपल्याकडील गणेशोत्सवातील देखाव्यांच्या स्पर्धांसाठी परीक्षक म्हणून गेलेल्या प्राध्यापकांना गुणपत्रकातील ‘मांडणी’, ‘रोषणाई’, ‘शिस्त’ हे रकाने आठवतील. त्यात ‘धारिष्ट’ असा रकाना प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही.)

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९२७ मध्ये बाहेरगावच्या प्रवाशांसाठी खास रेल्वेगाडी सुटली. १९२९ मध्ये जाहिरात-चित्रांची स्पर्धा झाली. १९३२ मध्ये एका रात्रीचा उत्सव आठवड्याचा झाला. १९३४ मध्ये आणखी एक नवी प्रथा आली. उत्सवापूर्वी सर्व मंडळांच्या निवडक निनॉतांचे प्रदर्शन भरवायचे आणि लोकांच्या मतांनी त्यांतील एकाला अग्नीपासून ‘माफी’ द्यायची. पहिली माफी मिळाली ती व्हिसेंत बेनेदितो यांनी घडविलेल्या आजी आणि नातीच्या शिल्पाला. माफी मिळालेले हे पुतळे आज एका स्वतंत्र संग्रहालयात पाहता येतात. ते पाहताना एक गोष्ट लक्षात येते : वाचलेल्यांमध्ये वत्सल आज्या, गरीब मुले, म्हातारे कारागीर यांचीच गर्दी आहे. हे साहजिकच आहे. लोक जळताना पाहू इच्छितात तो मंत्री, आणि वाचवू इच्छितात ती आजी. परिणामी, केवळ संग्रहालयावरून या उत्सवाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तो अत्यंत हळवा उत्सव वाटेल.

युद्ध, हुकूमशाही आणि फुले

यादवी युद्धात नोव्हेंबर १९३६ ते ऑक्टोबर १९३७ या काळात व्हॅलेन्सिया ही प्रजासत्ताकाची राजधानी होती. १९३७ साठी कलावंतांच्या संघटनेने फॅसिझमविरोधी फाय्या तयार केल्या, पण युद्धामुळे त्या चौकात उभ्या राहू शकल्या नाहीत. मार्च १९३९ च्या अखेरीस फ्रँकोच्या सैन्याने नगर घेतले.

नव्या राजवटीने उत्सवावर बंदी घातली नाही. ही बाब वरवर आश्चर्याची, पण मागील विवेचनाच्या प्रकाशात पूर्णपणे सुसंगत आहे. १९३९ मध्येच ‘हुंता सेंत्राल फायेरा’ ही मध्यवर्ती समिती स्थापन झाली आणि सर्व मंडळे तिच्या अधिकाराखाली आली. १९४० च्या मार्चमध्ये फाय्या पुन्हा पेटल्या. त्याच वर्षी जून महिन्यात व्हॅलेन्सियाजवळील पातेर्ना येथे विसेंत मिकेल कार्सेयेर यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. १८८७ मध्ये पहिली बक्षिसे देणारे ‘ला त्राका’ हे नाव मध्ये अनेकदा बंद पडून, पुन्हा सुरू होऊन विसाव्या शतकात कार्सेयेर यांच्या हाती आले होते. राजेशाही, चर्च आणि पुढे फ्रँको यांची त्यातील निर्भीड टवाळी हाच त्यांचा अपराध होता. मार्चमध्ये उपहासाचे पुतळे सरकारी देखरेखीखाली जळाले आणि जूनमध्ये उपहासकार मारला गेला. फ्रँको काळातील फाय्यासविषयी जे काही लिहायचे ते या दोन तारखा शेजारी ठेवूनच लिहावे लागते.

गिल-मानुएल एर्नांदेस यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात या काळाचा सविस्तर अभ्यास केला आहे. शिल्पांचे आराखडे आणि पुस्तिकांचा मजकूर आधी तपासणीसाठी द्यावा लागे. विषय उरले ते वाढती महागाई, वाहतूक, फॅशन, फुटबॉल, म्हणजे ज्यांवर हसल्याने कोणीही तुरुंगात जात नाही असे. १९४२ मध्ये सर्वाधिक खर्चाच्या फाय्यांसाठी ‘विशेष विभाग’ निर्माण झाला आणि बक्षिसांची उतरंड आणखी पक्की झाली. १९५४ मध्ये तर साल्वादोर दाली यांनी एका फाय्याचे संकल्पचित्र केले. कलेच्या इतिहासात ही घटना मोठी असेल. उपहासाच्या इतिहासात तिला फारसे स्थान नाही.

याच दशकात उत्सवाला एक नवे केंद्र मिळाले. नगराची आश्रयदात्री मानल्या जाणाऱ्या, निराधारांच्या मातेला, म्हणजे मारियेला, पुष्पार्पण करण्याची मिरवणूक १९४० च्या दशकात सुरू होऊन वाढत गेली. आज १७ आणि १८ मार्च या दोन दिवसांत सुमारे एक लाख मंडळ-सदस्य या मिरवणुकीत चालतात. अठराव्या शतकाच्या धाटणीची रेशमी वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया हातातील पुष्पगुच्छ अर्पण करतात आणि त्या गुच्छांतून मारियेच्या भव्य प्रतिमेचे वस्त्र विणले जाते. दृश्य विलोभनीय असते, सहभागींचे अश्रूही खरे असतात. मात्र मंडळांच्या कारभारात बराच काळ स्त्रीला स्थान होते ते या वस्त्रात मिरवण्याचे. निर्णयाच्या टेबलावर ती पुढे कितीतरी उशिरा आली. पूर्वी ज्या उत्सवाचे टोक आग हे होते, त्याला आता फुलांचे दुसरे टोक फुटले, आणि राजवटीला दुसरे अधिक प्रिय होते.

तरीही एक गोष्ट राजवटीच्या हिशोबात बसली नाही. शाळा, न्यायालये, कार्यालये यांतून व्हॅलेन्सियन भाषा हद्दपार असताना फाय्यांच्या पायथ्याशी आणि पुस्तिकांत ती छापली जात राहिली. विषय निरुपद्रवी होता, भाषा नव्हती. १९७५ नंतर लोकशाही परतली, तेव्हा या भाषेत लिहिण्याचा सराव असलेले शेकडो हौशी पद्यकार मोहल्ल्यांतून तयार होते. आंतोनिओ आरिन्यो या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये फाय्यासचे वर्णन नगराचा नागरी विधी असे केले. ते मान्य केले, तरी हा विधी कोणाच्या भाषेत होतो, या प्रश्नाचे वजन कमी होत नाही.

दारूगोळ्याची मैफल

या उत्सवाचे नाद-अंग स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. व्हॅलेन्सिया प्रांत आणि त्याभोवतीचा प्रदेश मिळून पाचशेहून अधिक संगीत-संस्था आहेत. गावोगावच्या या संस्था स्वतःची संगीतशाळा चालवतात आणि वाद्यवृंद बाळगतात. यिरिया या छोट्या गावात तर दोन नामांकित आणि परस्परांचे कट्टर स्पर्धक वाद्यवृंद आहेत. मार्चमध्ये मंडळे या वाद्यवृंदांना बोलावतात. सकाळी फटाके व तुताऱ्यांनी मोहल्ल्याला जागे करण्यापासून मध्यरात्रीपर्यंत ते रस्त्यावर असतात. मिळणाऱ्या मानधनावर गावातील संगीतशाळेचा मोठा आधार असतो. नगरातील आग अशा रीतीने खेड्यातील सनई-कर्णा जगवते. १९२९ मध्ये होसे सेरानो यांनी रचलेली ‘एल फायेरो’ ही चाल या वाद्यवृंदांच्या ओठी कायम असते. सेरानो हेही सुएका गावचेच. पहिली पुस्तिका आणि उत्सवाची सर्वांत लाडकी चाल एकाच गावच्या दोन पुत्रांनी द्यावी, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

नगरपालिकेच्या चौकात १ ते १९ मार्च दररोज दुपारी दोन वाजता ‘मास्क्लेता’ होते. भर उन्हात दारूकाम, म्हणजे ते पाहण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी असते. आतषबाजीकार बारांची लय हळूहळू चढवत नेतो आणि शेवटच्या टप्प्यात, ज्याला तेथे ‘भूकंप’ म्हणतात, जमीन खरोखरच हादरते. जाणकार श्रोते नंतर लयीची चर्चा आपल्याकडील तबल्याच्या मैफलीनंतर व्हावी तशा गांभीर्याने करतात. विशेष म्हणजे आरंभ होतो तो परवानगीने. नगरसभागृहाच्या सज्जातून त्या वर्षीची उत्सवराणी आतषबाजीकाराला सुरुवात करण्याची अनुज्ञा देते. १८८६ मध्ये जी परवानगी कारकुनाच्या खिडकीवर साठ पेसेतांना विकली जात होती, ती आता सज्जातून हजारोंच्या साक्षीने मोफत दिली जाते.

चिखल आणि राख

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बक्षिसाची तर्कसंगती आपल्या टोकाला पोहोचली. बांधकाम व्यवसायाच्या तेजीत वाढलेल्या नोऊ कांपानार या नव्या वस्तीच्या मंडळाने २००९ मध्ये नऊ लाख युरो खर्चाची फाय्या उभारली आणि विशेष विभागाचे पहिले पारितोषिक मिळवले. तोवर तेजी ओसरली होती आणि स्पेन दीर्घ मंदीत शिरला होता. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे उत्सव ऐन तोंडावर रद्द करावा लागला; नगरपालिकेच्या चौकात अर्धवट उभ्या असलेल्या ध्यानस्थ स्त्रीच्या प्रचंड शिल्पाला मुखपट्टी बांधण्यात आली. २०२१ मध्ये वसंतोत्सव १ ते ५ सप्टेंबर या काळात साजरा झाला.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सियाच्या दक्षिण व पश्चिम भागांत अतिवृष्टीने महापूर आला. प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धोक्याची सूचना लोकांच्या दूरध्वनींवर रात्री आठनंतर पोहोचली, तोवर अनेक वस्त्या पाण्याखाली होत्या. त्या दुपारी प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष कार्लोस माझोन एका उपाहारगृहात दीर्घ भोजनास बसले होते, ही बाब नंतर उघड झाली. पायपोर्ता, कातारोखा यांसारख्या गावांतील मंडळांची कार्यालये, वस्त्रे आणि अर्धवट शिल्पे चिखलात गेली. नगरातील मंडळांनी आपली कार्यालये अन्न, कपडे, फावडी आणि झाडू गोळा करण्यासाठी उघडली. वर्गणी कशी काढावी आणि शंभर माणसांना एका सायंकाळी कसे कामाला लावावे, हे ज्ञान त्यांच्याकडे दीडशे वर्षांच्या सरावाने आलेले होते. आपत्ती-व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी याची नोंद घ्यायला हवी.

मार्च २०२५ मध्ये उत्सव झाला. तो करावा की नाही यावर वाद झाले. मास्क्लेता संपताच चौकातून माझोन यांच्या राजीनाम्याची मागणी करणाऱ्या घोषणा उठत. नगरातील अनेक फाय्यांमध्ये त्यांचा निनॉत होता आणि त्या भोजनाचे टेबलही. कमानीखाली लहान अक्षरात गेलेला उपहास त्या वर्षी चौथऱ्याच्या मध्यभागी आला होता. १९ मार्चच्या रात्री हे पुतळे जळाले. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी माझोन यांनी राजीनामा जाहीर केला. पुतळे आणि राजीनामा यांत कार्यकारणभाव जोडणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही; पूरग्रस्तांच्या कुटुंबियांनी महिनोन्‌महिने काढलेले मोर्चे आणि न्यायालयीन चौकशी यांचा वाटा त्यात अधिक आहे.

त्या वर्षीचे पुतळे आता नाहीत. संशोधकाच्या हाती राहतील त्या पुस्तिका. व्हॅलेन्सियन भाषेतील उत्कृष्ट ल्यिब्रेतांसाठी दरवर्षी पारितोषिके दिली जातात आणि ती देणारी संस्था आहे प्रादेशिक सरकार, ज्याच्या अध्यक्षपदी मार्च २०२५ मध्ये माझोन होते.